गोळीबार ‘करावा लागला’

आमच्या घरात दोन गोळीबारांच्या गोष्टी होत्या आणि त्यांची क्रियापदं वेगळी होती. जानेवारी १९५६ च्या मुंबईबद्दल आजोबा म्हणायचे, ‘मोरारजींनी गोळ्या घातल्या.’ त्याच्या दीड वर्ष आधी त्रावणकोर-कोचीनमध्ये जे झालं त्याचा विषय निघाला, की तेच आजोबा म्हणायचे, ‘पट्टमना गोळीबार करावा लागला.’ पहिलं वाक्य ते आवाज चढवून म्हणत. दुसरं म्हणताना पानाचा डबा उघडत. पट्टम हे माणसाचं नाव आहे हेदेखील मला बरीच मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि ‘घातल्या’ आणि ‘करावा लागला’ यांतलं अंतर कळायला तर चाळिशी उलटावी लागली.

गेल्या वर्षी गावचं घर रिकामं करताना आजोबांच्या वह्या सापडल्या. राजापूर तालुक्यातल्या एका शाळेत ते मास्तर होते, सेवादलातून समाजवादी पक्षात आलेले. नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रजासमाजवादी पक्षाचं नागपूरला खास अधिवेशन भरलं, त्याला ते शाळेतून रजा काढून गेले होते. जैतापूरहून बोटीनं मुंबई, बोरीबंदरहून तिसऱ्या वर्गानं नागपूर. त्या दिवसांची वही हाताला लागल्यावर मला वाटलं, आता काहीतरी मिळणार. पक्षाच्या आयुष्यातला निर्णायक प्रसंग, आणि त्याला आपल्या घरातला माणूस साक्षी! वहीत फक्त हिशेब निघाला. हमाल, चहा, पोस्टकार्डं, संत्री. राजकारणाचा एक शब्द नाही.

हा लेख त्या कोऱ्या जागेविषयी आहे. ती एकट्या आजोबांच्या वहीतली नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी घडलं काय ते सांगते, कारण नागपूरचं अधिवेशन म्हटलं की आज बहुतेकांना काँग्रेसचं १९२० चं आठवतं, आणि ते साहजिकही आहे.

मार्च १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन राज्यात प्रजासमाजवादी पक्षाचं सरकार आलं. ‘आलं’ म्हणजे कसं, तर पक्षाचे आमदार १९. त्याहून दुपटीपेक्षा जास्त आमदार असलेल्या काँग्रेसनं कम्युनिस्टांना सत्तेपासून दूर ठेवण्यासाठी बाहेरून पाठिंबा दिला आणि पट्टम थानू पिल्लै मुख्यमंत्री झाले. या राज्याच्या दक्षिण टोकाला तमिळ बोलणाऱ्यांचे तालुके होते. आम्हाला मद्रास राज्यात घाला, ही तिथल्या लोकांची मागणी. त्रावणकोर तमिळनाडू काँग्रेस या संघटनेनं (नावात काँग्रेस असली तरी ही वेगळी) नेसमणींच्या पुढारपणाखाली आंदोलन चालवलं होतं. ११ ऑगस्ट १९५४ ला मार्तांडम आणि पुदुक्कडै इथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. माणसं मेली.

राममनोहर लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते आणि उत्तर प्रदेशातल्या कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्धच्या आंदोलनामुळे नैनीच्या तुरुंगात होते. त्यांनी तिथून तार केली: चौकशी करा आणि सरकारनं राजीनामा द्यावा. पट्टमनी राजीनामा दिला नाही. पक्षाच्या कार्यकारिणीनंही त्यांना तो द्यायला लावलं नाही. लोहियांनी सरचिटणीसपद सोडलं. हा गुंता सोडवायला नागपूरला खास अधिवेशन बोलावलं गेलं. तिथे मतं पडली, लोहियांची बाजू हरली, पण अल्पमत लहान नव्हतं. याच अधिवेशनात आचार्य कृपलानींच्या जागी आचार्य नरेंद्र देव अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षभरात मधु लिमये आणि मग लोहिया यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊन पक्ष फुटला. १९५५ संपता संपता हैदराबादला लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला. ज्या सरकारसाठी हे सगळं झालं ते फेब्रुवारी १९५५ मध्येच पडलं होतं. एक वर्षही पुरं झालं नव्हतं.

आता मुद्दा.

मोठ्या पक्षाचं अधिवेशन आणि लहान पक्षाचं अधिवेशन या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात वाटायला काहीतरी असतं. तिकिटं असतात, महामंडळं असतात. काही नाही तर पुढाऱ्याच्या मोटारीत बसण्याचा मान असतो. ठराव हे तिथे मंडपाच्या झालरीसारखे. लहान पक्षाकडे वाटायला फक्त शब्द असतात. १९५२ च्या लोकसभेत समाजवाद्यांना दहा टक्क्यांवर मतं मिळाली आणि जागा मिळाल्या १२. ज्यांनी देश बदलायचं ठरवलं होतं त्यांच्या हाती बारा खासदार. मग कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण, मग जून १९५३ मध्ये बैतूलचं अधिवेशन, त्याच वर्षी डिसेंबरात अलाहाबादचं, पुढच्या वर्षी नागपूर, त्याच्या पुढच्या वर्षी गया. अडीच वर्षांत चार वेळा देशभरचे मास्तर, वकील, गिरणीतले आणि रेल्वेतले कार्यकर्ते स्वतःच्या खर्चानं एखाद्या गावी जमले. कशासाठी? काँग्रेसशी सहकार्य करायचं की नाही, मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षानं विरोध किती करायचा, समाजवाद म्हणजे नक्की काय, यावर उपसूचना मांडण्यासाठी.

यात हसण्यासारखं काही नाही, असं माझं मत आहे. समाजवाद्यांना एक वर्ष एकत्र राहवत नाही आणि दोन वर्षं वेगळं राहवत नाही, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय; खुद्द समाजवादीच तो सगळ्यात जास्त सांगतात. मला तो आता आवडेनासा झालाय. त्या हसण्यानं प्रत्येक फूट स्वभावदोषात जमा होते: माणसं भांडखोर होती, अहंकारी होती, काय करणार! मग भांडण कशावरून झालं होतं हे विचारायची गरज उरत नाही. आणि नागपूरचं भांडण तर एका अत्यंत साध्या, गावातल्या म्हातारीलाही कळेल अशा प्रश्नावरून होतं. आपलं सरकार आहे. आपल्या पोलिसांनी माणसं मारली. आपण काय करायचं?

या प्रश्नाचं पुढे मराठी लेखनात काय झालं, ते शोधत मी गेलं वर्षभर वाचत होते. आमच्या घरात ‘मी एस. एम.’ होतं, ‘साधने’चे अंक होते, गोरे आणि लिमये होते, शिवाय अनेक कमी प्रसिद्ध कार्यकर्त्यांची छोटी आत्मकथनं होती, स्वखर्चानं छापलेली, मुखपृष्ठावर लेखकाचा खादी टोपीतला फोटो असलेली. माझी तक्रार यांतल्या एखाद्या पुस्तकाबद्दल नाही. ती या लेखनाच्या घराण्याबद्दल आहे. त्या घराण्याचे गुण निर्विवाद आहेत. ही माणसं स्वतःबद्दल बढाया मारत नाहीत, विरोधकाला माणूस समजतात, तुरुंगातल्या जेवणाबद्दलही तक्रारीच्या सुरात लिहीत नाहीत. पण अधिवेशनाची वेळ आली की या प्रांजळ गद्याला एकदम पडसं होतं. नागपूरचा प्रसंग येतो तो दोन परिच्छेदांत, आणि येतो तो व्यक्तींची गोष्ट म्हणून. लोहियांची तार, कृपलानींचा संताप, नरेंद्र देवांची खालावलेली प्रकृती, अशोक मेहतांचं बुद्धिवैभव. शेवटी एक वाक्य: मन विषण्ण झालं. विषण्ण हा या घराण्याचा लाडका शब्द आहे. मन विषण्ण झालं की पुढचं प्रकरण सुरू होतं.

मी वाचलेल्या पानांत जे सापडलं नाही ते सांगते. मार्तांडम सापडलं नाही. पुदुक्कडै सापडलं नाही. मेलेली माणसं कोण होती, शेतमजूर होती की विणकर, त्यांच्या घरी पक्षाचं कोणी गेलं का, याबद्दल ओळ नाही. ती माणसं तमिळ होती आणि त्यांची मागणी भाषिक राज्याची होती, हेही बहुतेक ठिकाणी गाळलेलं. ‘त्रावणकोर-कोचीन गोळीबार प्रकरण’ असा एक सामासिक शब्द तयार झालाय आणि त्या शब्दात कोणी मरत नाही. तत्त्वनिष्ठ लोहिया आणि व्यवहारवादी मेहता यांच्या कुस्तीचा तो आखाडा. आखाड्यातल्या मातीचं नाव कोण विचारतो!

लोहियांच्या बाजूनं लिहिणारेही यातून सुटत नाहीत. त्यांची भूमिका मला पटते, हे आधीच सांगून टाकते. निःशस्त्र लोकांवर गोळी चालवणारं सरकार आपलं असलं तरी जायला हवं, हे जर समाजवादी म्हणणार नसतील तर त्यांनी वेगळा पक्ष काढलाच कशाला? पण त्या भूमिकेच्या मराठी भक्तांच्या लेखनात गोळीबार हे लोहियांच्या मोठेपणाचं उदाहरण होऊन बसतं. मृतांचं काम एवढंच, की त्यांनी डॉक्टरसाहेबांना बरोबर ठरवावं.

आणि दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही सांगायला हवा, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. त्रिवेंद्रमचं सरकार १९ आमदारांच्या जोरावर उभं होतं. ते गेलं असतं तर सत्ता काँग्रेसकडे गेली असती, आणि काँग्रेसच्या पोलिसांनी काही फुलं उधळली नसती. मुख्यमंत्र्याला पक्षाच्या सरचिटणिसानं तार करून घरी पाठवावं, ही पद्धत लोकशाहीत बसते का, हाही खरा प्रश्न होता. कायदा-सुव्यवस्थेला बांधलेला मंत्री आणि आंदोलनात वाढलेला पक्ष यांचं नातं काय असावं, याचं उत्तर भारतात तोवर कोणाला द्यावंच लागलं नव्हतं. समाजवाद्यांपुढे ते पहिल्यांदा आलं आणि त्यांनी ते निदान उघड्या मंडपात मतदानाला टाकलं. आजच्या कुठल्या पक्षाच्या अधिवेशनात, आपल्याच सरकारच्या गोळीबारावर, मतं मोजली जातील? या एका गोष्टीसाठी मी त्या अधिवेशनाला नमस्कार करते.

पण मतं मोजल्यावर काय झालं? इथे मराठी समाजवाद्यांची गोष्ट विशेष अवघड होते, आणि इथेच आमच्या आजोबांची दोन क्रियापदं येतात.

अधिवेशन जिथे भरलं ते नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्य पुनर्रचना आयोग डिसेंबर १९५३ मध्येच नेमलेला होता. विदर्भानं संयुक्त महाराष्ट्रात यायचं ते कोणत्या अटींवर, याचा नागपूर करार १९५३ च्या सप्टेंबरात झालेला होता. म्हणजे ज्या गावात हे प्रतिनिधी सतरंजीवर बसले होते, ते गाव स्वतःच कुठल्या राज्यात जायचं याची वाट पाहत होतं. मंडपात चर्चेला आलेली माणसं मेली होती ती नेमक्या याच कारणासाठी: आमच्या भाषेचे तालुके आमच्या भाषेच्या राज्यात घाला. मराठी प्रतिनिधींना ही ओळख पटली नसेल? पटली असेल तर ती बोलून का दाखवली गेली नाही?

एक वर्ष जातं. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत मोर्च्यावर गोळीबार होतो. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार हे जाहीर झाल्यावर पुन्हा, आणि कित्येक पटीनं जास्त. हुतात्म्यांचा आकडा शंभरावर जातो. फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन होते, एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस होतात. प्रजासमाजवादी पक्षाचे हेच मास्तर, हेच वकील आता रस्त्यावर येतात आणि म्हणतात, गोळ्या घालणाऱ्या मुख्यमंत्र्यानं गेलं पाहिजे. आजोबाही सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आले. १९५७ च्या निवडणुकीत याच लाटेवर पुण्यातून ना. ग. गोरे लोकसभेत गेले, आमच्या राजापुरातून नाथ पै गेले. महाराष्ट्रात पक्षाला जी नवी पालवी फुटली ती भाषिक राज्याच्या मागणीच्या आणि गोळीबाराच्या संतापाच्या मुळावर.

मुख्यमंत्री मोरारजींनी नेमकं काय म्हटलं असेल? हेच, की करावा लागला.

मला हा ढोंगीपणा वाटत नाही. ढोंगी माणूस मनातून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघतो आणि मग एक लपवतो. आजोबांनी त्या शेजारी ठेवल्याच नव्हत्या. नागपूर हा त्यांच्यासाठी पक्षाचा घरगुती मामला होता, भाऊबंदकीतला. मुंबई हा अन्याय. माझ्या मते आपल्याला इथे भाषेनं मदत केली, वाईट अर्थानं. मराठीत ‘लागला’ हे सहायक क्रियापद फार सोयीचं आहे. मुलीचं शिक्षण थांबवावं लागलं, जमीन विकावी लागली, गोळीबार करावा लागला. कर्ता शिल्लक असतो, पण त्याच्याकडे चतुर्थी विभक्ती येते. तो करणारा राहत नाही, ज्याच्यावर वेळ आली तो होतो. पट्टमना. बिचारे पट्टम. मेलेल्यांसाठी त्या वाक्यात विभक्तीच उरत नाही. अधिवेशनांतल्या ठरावांची भाषा याच वाक्यरचनेवर पोसलेली असते: हे अधिवेशन अमुक परिस्थिती लक्षात घेते, तमुक अपरिहार्यता नोंदवते. समर्थकाची भाषा ठरावापासून फार दूर नसते. तो घरी येऊन तीच बोलतो, फक्त पानाचा डबा उघडून.

समर्थकांच्या भ्रमनिरासाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात पुढारी बदलतो आणि समर्थक जागच्या जागी प्रामाणिक राहून दुखावला जातो. पुढारी काँग्रेसमध्ये गेले, अशोक मेहता पुढे गेलेच. पट्टम आधी केरळचे मुख्यमंत्री आणि मग १९६२ साली पंजाबचे राज्यपाल झाले. विश्वासघाताची ही यादी खरी आहे. पण आमच्या घरात मी जे पाहिलं ते वेगळं होतं. आजोबांचा पुढाऱ्यांवरचा विश्वास कधीच उडाला नाही. एस. एम. यांचं नाव ते शेवटपर्यंत उभं राहून घेत. उडाला तो स्वतःवरचा. नागपूरहून आल्यावर त्यांनी तालुक्याचं चिटणीसपद सोडलं, असं आत्या सांगते. कारण विचारलं तर शाळेचं काम वाढलंय म्हणत. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ते पुन्हा पेटले, पण पक्षाच्या बैठकीत भाषण म्हणून त्यांनी पुन्हा केलं नाही. १९६४ साली दोन्ही समाजवादी पक्ष एक झाले आणि जानेवारी १९६५ मध्ये वाराणसीच्या अधिवेशनात पुन्हा फुटले. तेव्हा एस. एम. एका बाजूला, गोरे दुसऱ्या बाजूला. आजोबांनी त्या वर्षी कोणाचीच वर्गणी भरली नाही. १९७७ साली मोरारजी पंतप्रधान झाले, त्यांच्या जनता पक्षाचे लिमये सरचिटणीस झाले, दंडवते मंत्री झाले. आजोबांनी मत दिलं त्याच पक्षाला. त्या दिवशी घरात कोणी ‘मोरारजींनी गोळ्या घातल्या’ हे वाक्य उच्चारलं नाही, एवढं मला आठवतं. मी आठ वर्षांची होते आणि ते वाक्य म्हणून दाखवल्याबद्दल आईनं मला स्वयंपाकघरात नेऊन चिमटा काढला होता.

राजकीय आत्मचरित्रानं ही जागा लिहायला हवी होती. पुढाऱ्यानं फसवल्याची नव्हे, तर आपण हात वर केल्याची किंवा न केल्याची. एखाद्या कार्यकर्त्यानं कुठेतरी लिहायला हवं होतं की नागपूरला मी अमुक बाजूनं मत दिलं, मुंबईत गोळ्या सुटल्या तेव्हा मला ते मत आठवलं, आणि मला झोप आली नाही. किंवा आठवलं नाही, असं तरी. जी माणसं बेचाळीसच्या भूमिगत दिवसांतली भीती, विवाहातले ताणतणाव, पैशाची ओढाताण इतक्या सरळपणे लिहितात, त्यांना हे एक मत लिहिता येऊ नये? ‘विषण्ण’ या शब्दानं आपली फार मोठी सामग्री गिळली.

१ नोव्हेंबर १९५६ ला त्या तमिळ तालुक्यांचा कन्याकुमारी जिल्हा होऊन तो मद्रास राज्यात गेला. आम्हाला त्याच दिवशी द्वैभाषिक मिळालं, महाराष्ट्रासाठी १ मे १९६० पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे मार्तांडमच्या लोकांना त्यांचं राज्य आमच्याआधी साडेतीन वर्षं मिळालं. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही हा लेख लिहिताना तारखा शेजारी मांडल्यावर दिसलं.

आजोबांनी कुठल्या बाजूनं मत दिलं हे मी आत्याला विचारलं. ती चौऱ्याऐंशीची आहे, अधिवेशनाच्या वेळी शाळेत जात होती. तिला मत-बित काही ठाऊक नाही. तिला संत्री आठवतात. करंडीभर आणली होती, बोटीत अर्धी सडली, उरलेली शेजारीपाजारी वाटली आणि घरच्यांना एकेक आलं.

वही मी पुन्हा उघडून पाहिली. संत्र्यांची नोंद परतीच्या दिवशीची आहे. त्याच्या आदल्या दिवशी, अधिवेशन चालू असताना, चहा चार वेळा लिहिलाय. बाकी सगळ्या दिवशी दोन वेळा आहे. चार वेळा चहा प्यायला मंडपाबाहेर यावं लागतं. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. नोव्हेंबरात नागपुरात थंडी असते.